कण्याचा एमआरआय निघाला, कंट्रोलरचा कोण काढणार?

पॅनलवाला (सांगली)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागतो. कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद तेवढा वाचा.

वय ६८. साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला ३१ हंगाम काढले. (आम्ही नोकरी वर्षांत मोजत नाही, हंगामांत मोजतो.) बॉयलरचं पॅनल, ड्रम लेव्हल, फर्नेस ड्राफ्ट, टरबाइनचा गव्हर्नर, यातच डोक्यावरचे केस गेले. पाठीनं मात्र कधी तक्रार केली नव्हती.

गेली दोन वर्षं हिशेब चारशे पावलांवर आला आहे. अंदाज नाही, मोजली आहेत. घरातून निघून गणपतीच्या देवळाकडे चारशे पावलं टाकली की दोन्ही पोटऱ्या भरून येतात, मग मांड्या, मग पायांत कुणी शिसं ओतल्यासारखं होतं. एखाद्या दुकानाच्या पायरीवर टेकलो की दोन-तीन मिनिटांत सगळं गायब. उठलो की पुन्हा चारशे. आणि गंमत म्हणजे सायकलवर हरिपूरपर्यंत जाऊन येतो, तेव्हा काही नाही! त्यामुळे गल्लीत माझी पत गेली आहे. सायकल मारतो आणि चालायला नको म्हणतो, म्हातारा नाटकी आहे, असं एकूण मत.

एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये असं: एल-४ एल-५ ला डिफ्यूज डिस्क बल्ज, फॅसेट आर्थ्रोपॅथी, लिगामेंटम फ्लेव्हम हायपरट्रॉफी, मॉडरेट टु सिव्हिअर कॅनाल स्टेनोसिस (म्हणजे कण्याची नळी अरुंद). बाकीच्या गाद्यांचंही पाणी आटलेलं. ज्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलो (नाव-गाव राहू दे) त्यांनी फिल्म उजेडाला धरली, ती नीट पाहिली, मला पाहिलंच नाही. म्हणाले, "कण्याची पार वाट लागली आहे. जपा." मग यादी आली. वाकू नका, पाच किलोच्या वर उचलू नका, जिना नको, खाली बसू नका, पट्टा लावा. सायकल तर बिलकुल नको.

जपलं. आठ महिने काटेकोर जपलं, कारण मॅन्युअल वाचून तसंच वागायची सवय. फळ काय? चारशेची अडीचशे झाली. पाठ सकाळी लाकडासारखी. परवा उंबऱ्याला पाय अडखळला, पडलोसुद्धा नाही, फक्त तोल सावरला, तर कंबर अशी आवळली की तीन दिवस अंथरुणात.

तेव्हा अंथरुणात पडल्या पडल्या जुनी एक भानगड आठवली. आमच्या दोन नंबर बॉयलरचा फीड वॉटरचा कंट्रोल व्हॉल्व्ह जुना झाला होता. ग्लँड पॅकिंग आवळून आवळून त्याचा स्टेम (दांडा) चिकटायचा. सिग्नल गेला तरी जागचा हलायचा नाही आणि हलला की भसकन जायचा. ड्रमची (बॉयलरच्या पाणी-वाफेच्या टाकीची) लेव्हल हंटिंग करायला लागली, म्हणजे सारखी वर-खाली डोलायला लागली. नव्या साहेबांनी काय केलं, कंट्रोलरचा गेन कमी केला (लेव्हल चुकली की किती जोरात उत्तर द्यायचं, तो आकडा). हंटिंग थोडं कमी झालं, साहेब खूश. पुन्हा झालं, पुन्हा गेन कमी. असं करता करता तो लूप (मोजा, सुधारा, पुन्हा मोजा हे चक्र) इतका मवाळ झाला की एके रात्री मिलचा लोड जरा हलला आणि पाणी वेळेवर आलंच नाही. ड्रम लो-लेव्हलला बॉयलर ट्रिप (आपोआप बंद), गळीत बंद, शेतकी अधिकारी शिव्या देत हजर.

माझ्या कंबरेचं असंच काही झालंय का? एमआरआयमध्ये प्लँट दिसतो. म्हणजे हाडं, गाद्या, पाइपलाइन. कंट्रोलर कुठे दिसतो?

दुसरी शंका. बॉयलरवर काम केलेल्यांना 'स्वेल' माहीत असेल. वाफेची मागणी अचानक वाढली की ड्रममधलं प्रेशर पडतं, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि लेव्हल वर गेलेली दिसते. खरं तर पाणी कमी होत असतं! नवा ऑपरेटर काट्यावर विश्वास ठेवून फीड कमी करतो आणि पुढच्या मिनिटाला फसतो. माझं दुखणं हा तसलाच काटा आहे का? कारण चालायला सुरुवात केली की पहिली पाच मिनिटं पाठ जास्त ओरडते, मग गप्प बसते. (पायांचं वेगळं, ते ठरलेली पावलं झाली की येतं.)

तर प्रश्न असे. वयाबरोबर कणा बिघडतो यावर संशोधन ढीगभर असेल, पण कणा सांभाळणाऱ्या कंट्रोल सिस्टिमवर कुणी काम केलंय का? शरीर जर अडॅप्टिव्ह (परिस्थितीप्रमाणे स्वतःला बदलणारा) कंट्रोलर आहे, तर प्लँट जुना झाल्यावर ते स्वतःला नव्यानं ट्यून का करत नाही? आणि ऑपरेशन करावं का? तिसऱ्याचं उत्तर इथे मिळणार नाही हे कळतं, तरी विचारून ठेवतो.

चहाबाज

काका, वाचूनच माझी पाठ सरळ झाली. उत्तर येत नाही, पण माझ्या सासऱ्यांचं हुबेहूब हेच. मॉलमध्ये ट्रॉली ढकलत तासभर फिरतात, सगळ्या साबणांचे भाव वाचतात. ट्रॉली सोडून गाडीपर्यंत यायचं तर तीनदा थांबतात. ट्रॉलीच विकत घ्यावी का, असा घरात विचार चालू आहे.

फिजिओताई (नाशिक)

चहाबाज, तुमचे सासरे आणि धागाकर्ते काका, दोघेही आमच्या पुस्तकातून उठून आल्यासारखे आहेत. ट्रॉलीच्या खुणेला आमच्यात खरंच तेच नाव आहे.

सोपं कारण. कण्यामागच्या नळीतून नसा जातात. आपण ताठ उभे राहिलो की कंबर मागे वळते, नळीच्या मागच्या भिंतीचा पिवळा लिगामेंट आत दुमडतो आणि आधीच अरुंद असलेली नळी आणखी अरुंद होते. पुढे झुकलं की तो ताणला जातो, जागा होते. सायकलवर, ट्रॉलीवर, ओट्यावर कोपरं टेकून आपण झुकलेले असतो. म्हणून काका, तुम्ही नाटकी नाही. शेजाऱ्यांना हा प्रतिसाद वाचून दाखवा. नळीच्या या आजाराची पहिली नीट मांडणी नेदरलँड्सच्या व्हर्बीस्ट यांनी १९५४ मध्ये केली, म्हणजे दुखणं जुनंच आहे.

आता एमआरआयच्या शब्दांबद्दल. आमच्याकडे रोज कुणी ना कुणी येतं आणि सांगतं, "मॅडम, मणक्यात गॅप आलाय", "गादी सरकलीय". रिपोर्ट हातात आल्याच्या दिवसापासून चालणं बदललेलं असतं. ज्यांना काहीही दुखत नाही अशांचे एमआरआय काढून पाहिलेत लोकांनी. १९९० मध्ये बोडेन आणि सहकाऱ्यांनी अशा ६७ जणांचे काढले, तर साठीपुढच्यांत ५७ टक्क्यांच्या फिल्ममध्ये काही ना काही दोष, २१ टक्क्यांत तर चक्क नळी अरुंद. २०१५ मध्ये अशाच ३३ अभ्यासांतल्या ३,११० लोकांची एकत्र मोजदाद झाली. न दुखणाऱ्या विशीतल्यांपैकी ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या, ऐंशीच्या लोकांत ९६ टक्के. केस पांढरे झाले म्हणून कुणी 'केसांची वाट लागली' म्हणत नाही ना!

याचा अर्थ तुमचा स्टेनोसिस खोटा नाही. लक्षणं आणि फिल्म जुळतात, तो खराच आहे. पण 'पार वाट लागली' हे फिल्ममध्ये लिहिलेलं नव्हतं, ते डॉक्टरांनी घातलं.

कंट्रोलरचा प्रश्न विचारलात म्हणून फार बरं वाटलं, कारण रुग्ण हे विचारत नाहीत. येल विद्यापीठातले मनोहर पंजाबी, पेशाने यंत्रांचे माणूस, यांनी १९९२ मध्ये नेमकं हेच मांडलं. कण्याचं स्थैर्य तीन गोष्टींवर उभं असतं: हाडं-गाद्या-लिगामेंट, स्नायू, आणि या दोघांना चालवणारी मज्जासंस्था. एक कमी पडली की दुसऱ्या दोन भरून काढतात, काही मर्यादेपर्यंत. त्याच सुमारास त्यांच्याच गटाने दाखवलं की स्नायू काढून टाकलेला, नुसत्या हाडा-लिगामेंटचा कमरेचा कणा जेमतेम ९० न्यूटनला वाकून मोडतो. म्हणजे नऊ किलो. तुमचं धड-डोकं त्याच्या कितीतरी पट आहे, आणि तुम्ही उभे आहात! उरलेला सगळा भार कंट्रोल वाहतोय.

तो कंट्रोल बिघडतो हेही मोजलंय. निरोगी माणसाने झटकन हात उचलला तर पोटाचा सगळ्यात आतला आडवा स्नायू हाताच्या आधी आवळतो. हॉजेस आणि रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये दाखवलं की पाठदुखीवाल्यांत तो उशिरा आवळतो. सिग्नल लेट. तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?

आता एक सरळ प्रश्न. आठ महिन्यांत पट्टा दिवसातून किती तास होता?

पॅनलवाला

ताई, आमच्या भाषेत डेड टाइम. आणि डेड टाइम वाढला की गेन खाली आणावाच लागतो, नाहीतर लूप डोलायला लागतो. म्हणजे माझी पाठ कमी गेनवर चाललीय म्हणून ताठ, की ताठ आहे म्हणून... डोकं चालेना.

पट्टा: झोप सोडून पूर्ण वेळ. अंघोळीला काढायचो. आमच्या सौ. म्हणायच्या, लग्नात जानवं इतकं सांभाळलं नाहीत.

आणखी एक कबुली. त्या यादीत नसलेल्या गोष्टीही मी बंद केल्या होत्या. चपला उभ्यानं घालणं, नातवाला उचलणं, देवाला साष्टांग. तो म्हणतो, "आजोबा काचेचे झालेत."

लुंडकर (स्वीडन)

काका, दंडवत. मी मूळचा इचलकरंजीचा, लुंडला अडॅप्टिव्ह कंट्रोलमध्येच पीएचडी करतोय. पाठीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मी रात्रभर बोलू शकतो. थोडक्यात आवरतो.

हे शास्त्र विमानांतून आलं. पन्नासच्या दशकात विमानांचा वेग आणि उंची इतकी वाढली की एका ट्यूनिंगवर ऑटोपायलट चालेना. मग १९५८ च्या सुमारास एमआयटीत व्हिटेकर यांनी मांडलं की हवं तसं वागणारं एक मॉडेल समोर ठेवा आणि प्रत्यक्ष वागणूक त्यापासून जितकी लांब जाईल तसे कंट्रोलरचे आकडे सरकवा. १९७३ मध्ये इथे लुंडलाच ऑस्ट्रॉम आणि विटेनमार्क यांनी 'सेल्फ ट्यूनिंग रेग्युलेटर'चा निबंध लिहिला. त्यात कंट्रोलर चालता चालता प्लँटचा अंदाज घेतो आणि त्या अंदाजावर स्वतःला ट्यून करतो. कागद कारखान्यात चालवूनही पाहिलं. तुमचं बगॅस (उसाचा चोथा) आज ओलं, उद्या कोरडं, तशी त्यांची लगद्याची कटकट.

आता मुद्दा. या कंट्रोलरला शिकायला हालचाल लागते. सिग्नल सपाट असेल तर प्लँट काय आहे हे त्याला कळायला मार्ग नाही. याला 'पर्सिस्टंट एक्सायटेशन' म्हणतात, म्हणजे लूप सतत थोडा हलता ठेवायचा. त्यातून प्लँट हळूहळू बदलणारा असला तर कंट्रोलरला जुनं विसरायलाही शिकवावं लागतं, त्यासाठी 'फरगेटिंग फॅक्टर' असतो. आता या दोन गोष्टी एकत्र करा. नवीन माहिती येत नाही आणि जुनी विसरणं चालू आहे. काय होईल? आतल्या आत अनिश्चितता फुगत जाते, बाहेर सगळं शांत. मग कुठून तरी बारीकसा धक्का येतो आणि कंट्रोलर वेड्यासारखा उसळतो.

तुमचा उंबरा वाचला तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली.

आणि तुमचे ते गेन कमी करणारे साहेब! ते तर सिद्धांतातच बसलेत. सोव्हिएत संघातल्या फेल्डबाउम यांनी १९६० मध्ये सांगितलं की अनिश्चित प्लँट चालवताना प्रत्येक सिग्नलला दोन कामं असतात, एक प्लँटला ताब्यात ठेवणं आणि दुसरं त्याला किंचित डिवचून ओळखून घेणं. 'ड्युअल कंट्रोल'. नुसता सावध कंट्रोलर काय करतो? खात्री कमी, म्हणून हात आखडता. हात आखडता, म्हणून माहिती कमी. माहिती कमी, म्हणून खात्री आणखी कमी. शेवटी तो कंट्रोल करणंच सोडून देतो. याला 'टर्न-ऑफ' म्हणतात आणि आमच्या वर्गात हे गणितानं दाखवतात. पट्टा, काचेचे आजोबा, चपला. सगळं तेच.

पण उलटी गोष्टही सांगतो, नाहीतर तुम्ही उद्या नातवाला खांद्यावर घ्याल. १५ नोव्हेंबर १९६७. एक्स-१५ नावाचं रॉकेट विमान, मायकेल अ‍ॅडम्स वैमानिक. विमानात अडॅप्टिव्ह कंट्रोलर होता, जो गेन शक्य तितका चढा ठेवायचा आणि डोलायला लागलं की कमी करायचा. त्या दिवशी विजेच्या गडबडीने घोटाळा सुरू झाला, वैमानिकाची दिशा चुकली, विमान गिरकीत गेलं. त्यातून ते बाहेर आलंही होतं, पण मग डोलणं सुरू झालं तेव्हा गेन खाली यायला हवा होता, तो आलाच नाही. विमान हवेत तुटलं, अ‍ॅडम्स गेले. अडॅप्टिव्ह म्हटलं की सगळं आपोआप जुळतं असं नाही.

आणि शेवटी, कण्यात आमचं शास्त्र रूपक म्हणून नाही तर खरोखर शिरलं आहे अशी एक जागा आहे. जुनाट वेदनेसाठी मज्जारज्जूच्या मागे इलेक्ट्रोड बसवून हलका करंट देतात, १९६७ पासून. अडचण अशी की खोकलं किंवा वळलं की मज्जारज्जू आणि इलेक्ट्रोड यांतलं अंतर बदलतं, तोच करंट एकदम जास्त होतो, माणसाला झटका बसतो. नव्या यंत्रांत प्रत्येक ठोक्यानंतर नसांनी दिलेला प्रतिसाद मोजून पुढच्या ठोक्याचा करंट बदलतात. बंद लूप! २०२० मध्ये १३४ रुग्णांवरची तुलना छापून आली. वर्षभरानंतर निम्म्याहून जास्त आराम पडलेले बंद लूपमध्ये ८३ टक्के, उघड्या लूपमध्ये ६१. लूप बंद केला की काय फरक पडतो, हे मला इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. हे तुमच्यासाठी आहे असं मात्र नाही, ती डॉक्टरांची बाब.

फिजिओताई (नाशिक)

लुंडकर, तुमचा 'टर्न-ऑफ' मी उद्यापासून ओपीडीत वापरणार. आमच्याकडे हेच 'भीतीपोटी टाळणं' म्हणून शिकवतात, पण त्याला गणित आहे हे माहीत नव्हतं. १९८६ मध्ये डेयो यांनी ताज्या कंबरदुखीच्या २०३ रुग्णांना दोन गटांत वाटलं. एकाला दोन दिवस अंथरूण, दुसऱ्याला सात. दोन दिवसवाल्यांचे कामावरचे खाडे ४५ टक्के कमी, आणि बाकी कशात दोघांत फरक नाही. तोवर आठवडाभर झोपवून ठेवणं हेच औषध होतं.

काका, स्वेलबद्दल. तुमचा अंदाज पाठीपुरता बराच बरोबर आहे. पहिल्या पाच मिनिटांचा काटा बघू नका. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेचा बघा. चोवीस तासांनी काटा जुन्या जागी असेल तर डोस योग्य होता, चढलेला असेल तर जास्त झाला. आणि सकाळी उठल्यावर पहिला तासभर खोल वाकणं टाळा. रात्री आडवं पडल्यावर गाद्या पाणी पितात. जर्मनीत १९९९ मध्ये एका माणसाच्या गादीत दाबमापक बसवून पाहिलं, तेव्हा रात्रभरात आतला दाब ०.१ वरून ०.२४ मेगापास्कलवर गेला. उभं राहिल्यावर ०.५. वीस किलोचा खोका पाठ वाकवून उचलला तेव्हा २.३, गुडघे मोडून उचलला तेव्हा १.७. आकडे लक्षात ठेवा, पण घाबरायला नको. भार पडणं हा गुन्हा नाही.

हाडांचा डॉक्टर

मी मणक्याची ऑपरेशनं करतो, तेव्हा माझं मत त्या बाजूला झुकलेलं असणार असं धरून वाचा.

चर्चा छान आहे, पण एक खुंटी ठोकतो. नळी अरुंद आहे ती अरुंद आहे. कितीही हुशार कंट्रोलर असला तरी पाइपात साचलेला थर तो काढत नाही. पाठ ताठणं, घाबरणं, अडखळणं हे व्यायामानं सुधारेल. चारशे पावलांचं गणित थोडं हलेल, जादू होणार नाही.

पॅनलवाले साहेब, आधी दोन गोष्टी तपासून घ्या. पायाच्या नाड्या, कारण रक्तवाहिन्या तुंबल्या तरी चालताना पोटऱ्या भरतात. तुमची सायकल इथे साक्षीदार आहे, रक्त कमी पडत असतं तर सायकलवरही दुखलं असतं. तरी तपासा. दुसरी, मान. कमरेत नळी अरुंद असलेल्या काहींची मानेतही असते. शर्टाची बटणं लावताना बोटं गोंधळतात का, सही बदलली आहे का, अंधारात चालताना तोल जातो का? तसं असेल तर कमरेचं सगळं बाजूला ठेवून आधी मान दाखवा.

लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल लुळं पडलं, तर धागा वगैरे काही नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

ऑपरेशन. २००८ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास छापून आला. त्यात ऑपरेशन झालेले दोन वर्षांत जास्त सुधारले. मात्र गटांची सरमिसळ फार झाली होती, त्यामुळे वाद आहेत. न केलेलेही थोडे सुधारले, फार कुणी एकाएकी खचलं नाही. म्हणजे घाई नाही, हा माझा अर्थ. आणि कुणी स्क्रू-रॉड टाकून मणके जोडायलाच हवेत म्हणालं तर का ते विचारा. लुंडकरांच्याच देशात २०१६ मध्ये ५० ते ८० वयाच्या २४७ जणांवर पाहिलं की नुसती नळी मोकळी करणं आणि वर मणके जोडणं यांत दोन वर्षांनी फरक नव्हता. जोडणीत वेळ, रक्तस्राव आणि खर्च मात्र जास्त. तुमचे मणके पुढे-मागे सरकत असतील तर हिशेब वेगळा, ते उभ्यानं काढलेल्या एक्स-रेत कळतं. तो काढलाय का?

पॅनलवाला

उभ्यानं एक्स-रे कुणीच सांगितला नव्हता. उद्या काढतो. बटणं ठीक, सही बँकेला अजून पटते.

पॅनलवाला

सात आठवड्यांनी लिहितोय. विचारणारे व्यक्तिगत निरोप बरेच आले म्हणून इथेच टाकतो.

नाड्या उत्तम. एक्स-रेत मणके सरकत नाहीत. दुसऱ्या सर्जनना भेटलो, त्यांनी फिल्मच्या आधी मला कॉरिडॉरमध्ये चालवून पाहिलं. म्हणाले, ऑपरेशनचा उमेदवार आहात, पण तारीख तुम्ही ठरवायची. दिवाळीनंतर बघू म्हटलं.

पट्टा कपाटात. काढताना एकदम नाही काढला. लूप मॅन्युअलवरून ऑटोला टाकताना आधी आउटपुट जुळवून घ्यायचं, नाहीतर धक्का बसतो, हे ३१ हंगाम केलंय. रोज अर्धा तास कमी केला.

शिफ्टचं लॉगबुक सुरू केलं. रकाने पाच: वेळ, पावलं, कुठे थांबलो, काटा (म्हणजे दुखणं किती), चोवीस तासांनी काटा. सौ. म्हणतात, आता यात बगॅसचा ओलावाही लिहा. पहिल्या पंधरा दिवसांतच दिसलं की सुरुवातीचा चढलेला काटा आणि दुसऱ्या दिवशीचा काटा यांचा एकमेकांशी संबंधच नाही. एकदा काटा सातवर असताना चालत राहिलो, दुसऱ्या दिवशी दोन. एकदा काटा दोनवर खूश होऊन गव्हाचं पोतं ओढलं, दुसऱ्या दिवशी आठ. त्या नोंदीपुढे सौ.नी त्यांच्या अक्षरात एक शब्द लिहिलाय, तो इथे टाकत नाही.

पाठीचं लाकूड गेलं. चपला उभ्यानं घालतो. नातवाला उचलत नाही, पण तो पाठीवर चढतो आणि मी चार पायांवर घोडा होतो. ताई म्हणाल्या चालेल, त्यात कंबर झुकलेलीच असते.

पायांचं डॉक्टरसाहेब म्हणाले तसंच. अडीचशेवरून सव्वापाचशेपर्यंत आलो आणि तिथेच थांबलो आहे, तीन आठवडे हलत नाही. तो पाइप आहे.

त्यावर तोडगा चहाबाजांच्या सासऱ्यांनी दिला. सायकल घेऊन निघतो, पण बसत नाही. हँडलवर किंचित रेलून ती ढकलत चालतो. दोन हजार पावलं! काल आयर्विन पुलापर्यंत गेलो. कृष्णेला नवं पाणी आलंय, गढूळ. लेव्हल बघायची खोड काही जात नाही. इशारा पातळी ४० फूट, अजून बरीच खाली आहे. सायकल स्टँडला लावली, कठड्यावर कोपरं टेकून झुकून उभा राहिलो. पाय मोकळे झाले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं, आजोबा पाणी बघतायत.

परतताना ढकलत निघालो की निदान दोघं तरी थांबतात. "काका, हवा गेली का?"

मी हो म्हणतो.